२^६७ − १ या संख्येचा इतिहास

संख्या सिद्धांताच्या पाठांत आपण बहुधा सर्व संख्यांबद्दलची प्रमेये शिकतो. या पाठात मात्र एकाच संख्येकडे पाहायचे आहे. ती संख्या अशी:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. (येथून पुढे घात दाखवण्यासाठी २^६७ अशी खूण वापरली आहे.) बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज २^६४ − १ होते. पटाला आणखी तीन घरे असती, तर बेरीज आपल्या संख्येइतकी झाली असती. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकं-दहंची जी अठरा स्थाने दिली आहेत, त्यांतले शेवटचे परार्ध. आपली संख्या सुमारे १४७५ परार्ध आहे, म्हणजे ती त्या यादीच्याही पुढे जाते.

ही संख्या मूळ आहे की संयुक्त, या प्रश्नाला २५९ वर्षे लागली. त्या काळात तिच्याबद्दल तीन विधाने झाली. पहिले चुकीचे होते. दुसरे बरोबर होते, पण ते तपासणे कठीण होते. तिसरे बरोबर होते आणि कोणीही एका बैठकीत तपासून पाहू शकेल असे होते. गणितात एखादी गोष्ट 'माहीत आहे' असे म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हे या तीन विधानांतल्या फरकावरून कळते. म्हणूनच ही संख्या पाठासाठी निवडली.

मर्सेन यांची यादी

मारँ मर्सेन हे पॅरिसमधील ख्रिस्ती मठवासी. फर्मा, देकार्त आणि इतर अनेक विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. नियतकालिके नसलेल्या त्या काळात गणितातल्या बातम्या बऱ्याच अंशी त्यांच्या पत्रांतून फिरत. १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'कॉगिताता फिजिको-मॅथेमॅटिका' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत परिपूर्ण संख्यांचा विषय आला आहे. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या. उदाहरणार्थ, ६ = १ + २ + ३. २^प − १ ही मूळ संख्या असेल, तर तिला २^(प−१) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. त्यामुळे 'प' च्या कोणत्या किमतींना २^प − १ मूळ असते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

प संयुक्त असेल तर २^प − १ संयुक्त असतेच. प मूळ असूनही ती संयुक्त निघू शकते, कारण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. मर्सेन यांचे म्हणणे असे होते की २५७ पर्यंत प च्या अकराच किमती चालतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७.

या यादीत पाच चुका आहेत. ६७ आणि २५७ त्यात नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ६१ च्या जागी छापताना ६७ पडले असावे, असा तर्क मांडला गेला आहे. तो मान्य केला तरी उरलेल्या चुकांचे काय, हा प्रश्न राहतोच. गंमत अशी की त्याच प्रस्तावनेत मर्सेन म्हणतात, पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळ पुरणार नाही. म्हणजे आपण तपासलेले नाही हे त्यांना चांगलेच ठाऊक होते. तरीही यादी ठामपणे छापली गेली, आणि नाव मर्सेन यांचे असल्यामुळे ती दोन शतकांहून अधिक काळ उद्धृत होत राहिली. एवढ्या चुका करूनही अशा संख्यांना आज 'मर्सेन संख्या' म्हणतात. मला यात अन्याय दिसत नाही. त्यांच्या यादीमुळेच पुढच्या पिढ्यांना काम मिळाले.

अवयव कोणत्या रूपाचे?

समजा क ही मूळ संख्या २^६७ − १ ची विभाजक आहे. मग २^६७ ला क ने भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(क−१) ला क ने भागल्यासही बाकी १ उरते. ६७ मूळ असल्यामुळे ६७ ने (क−१) ला भाग गेलाच पाहिजे. क विषम आहे, म्हणून १३४ नेही भाग जातो. तेव्हा प्रत्येक अवयव १३४म + १ या रूपाचा असतो. शिवाय २^६८ ला क ने भागल्यास बाकी २ उरते, आणि २^६८ हा २^३४ चा वर्ग आहे. याचा अर्थ २ ही क च्या संदर्भात वर्गबाकी आहे. त्यावरून क ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते.

अशा रूपाचा उपयोग फर्मा यांनी १६४० मध्येच केला होता. २^३७ − १ चा अवयव त्यांना २२३ मिळाला, आणि २२३ = ७४ × ३ + १. तिथे फार पुढे जावे लागले नाही. आपल्या संख्येचा लहान अवयव मात्र म = १४,४५,५८० ला सापडतो. ८ ची अट लावून निम्मे म गाळले आणि ३, ५, ७ च्या पटी सोडल्या, तरी तिथवर पोहोचायला तीन लाखांहून अधिक भागाकार करावे लागतात. एका भागाकाराला पाच मिनिटे धरा. दर रविवारी आठ तास बसणाऱ्या माणसाला साधारण सहासष्ट वर्षे लागतील. हा आकडा लक्षात ठेवा, रविवारांचा विषय पुढे येणार आहे.

लूकास यांचे उत्तर आणि त्यातली अडचण

फ्रेंच गणिती एदुआर लूकास यांनी १८७६ मध्ये अवयव न शोधताच उत्तर देण्याची रीत काढली. तिचे आजचे सोपे रूप डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या सुमारास दिले. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि २^प − १ ने भागून बाकी घ्यायची. हे (प−२) वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ = २^५ − १ साठी करून पाहा: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी हे ६५ वेळा करावे लागते, आणि प्रत्येक वेळी वीस-एकवीस अंकी संख्येचा वर्ग येतो.

लूकास यांनी दोन निष्कर्ष जाहीर केले. २^१२७ − १ मूळ आहे, आणि २^६७ − १ संयुक्त आहे. दोन्ही बरोबर निघाले. मात्र या दोन निष्कर्षांचे वजन सारखे नाही, आणि पुस्तकांत याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हाताने केलेल्या लांबलचक गणितात शेवटी नेमके शून्य आले, तर वाटेत चूक झाली असण्याची शक्यता नगण्य असते, कारण चुकलेल्या गणितातून योगायोगाने शून्य येणे जवळजवळ अशक्य आहे. शून्य न येता दुसरेच काही आले, तर? संख्या संयुक्त असेल, किंवा चाळिसाव्या पायरीवर हातचा विसरला असेल. दोन्ही वेळी कागदावर एक निरर्थक दिसणारी बाकीच उरते. म्हणजे २^१२७ − १ बद्दलचे गणित स्वतःच स्वतःची साक्ष देते, तर २^६७ − १ बद्दलच्या गणितासाठी गणित करणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, किंवा सगळे पुन्हा करावे लागते.

दरम्यान रशियातील पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये २^६१ − १ मूळ असल्याचे दाखवले. मर्सेन यांच्या यादीवरचा भरवसा उडाला. ६७ चे अवयव मात्र कोणाच्याच हाती नव्हते.

कोल यांचा फळा

फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे शिक्षण हार्वर्डला झाले, आणि लाइपझिगला त्यांनी फेलिक्स क्लाइन यांची व्याख्याने ऐकली. त्यांचे मुख्य काम समूह सिद्धांतातले. १८९६ ते १९२० अशी चोवीस वर्षे ते अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव होते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची सभा होती. कोल यांच्या निबंधाचा विषय होता मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. पुढची हकीकत अशी सांगतात. नाव पुकारल्यावर कोल उठले, काही न बोलता फळ्याशी गेले, २ चा ६७ वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात त्यांनी दोन संख्यांचा गुणाकार मांडला:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

गुणाकार पुरा झाला. दोन्ही उत्तरे अंकाला अंक जुळली. कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली ती एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ च्या पुस्तकातून. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबले पाहिजे. १९०३ मध्ये बेल कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकत होते, त्या सभागृहात नव्हते. गोष्ट छापली गेली ती सभेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. शिवाय रंगवून सांगण्याबद्दल बेल प्रसिद्धच आहेत. गाल्वाच्या शेवटच्या रात्रीचे त्यांनी केलेले वर्णन पुढच्या अभ्यासकांनी बरेचसे खोडून काढले. दुसरी बाजूही पाहू. बेल १९११-१२ मध्ये कोलंबियाला होते आणि कोल यांना प्रत्यक्ष ओळखत होते. या अवयवांना किती वेळ लागला असे आपण १९११ मध्ये विचारले, तेव्हा 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर मिळाले, असे बेल लिहितात. माझे मत असे की सभा, तारीख आणि अवयव पक्के धरावेत, रविवार बहुधा खरे मानावेत, आणि टाळ्या व मौन यांना 'बेल यांच्या सांगण्यानुसार' ही पुस्ती जोडावी.

फळ्यावरचा भाग मात्र सहज शक्य आहे. २^६७ काढायला ६६ वेळा दुप्पट करावी लागत नाही. पिंगलाच्या छंदशास्त्रात छंदांच्या प्रस्तारातील प्रकार मोजण्यासाठी जी रीत आहे, ती इथे जशीच्या तशी लागू पडते: घातांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर एक कमी करा, आणि परत येताना निम्म्याच्या जागी वर्ग करा, एक कमी केले तिथे दुप्पट करा. ६७, ६६, ३३, ३२, १६, ८, ४, २, १ असे खाली या. परत जाताना २^३२ = ४,२९,४९,६७,२९६ मिळते, त्याची दुप्पट २^३३ = ८,५८,९९,३४,५९२. मग याचा एकच मोठा वर्ग, ७,३७,८६,९७,६२,९४,८३,८२,०६,४६४, आणि शेवटी दुप्पट. कोल यांनी याच वाटेने केले की नाही ते बाजूला ठेवू. दुसरा गुणाकारही दिसतो तितका भीतिदायक नाही. १९३७०७७२१ मध्ये १, २, ३, ७, ९ आणि शून्य एवढेच अंक आहेत, म्हणजे दुसऱ्या संख्येची २, ३, ७ आणि ९ पट काढली की सगळ्या ओळी तयार. मी हे वर्गात फळ्यावर करवून घेतो. एकदा तरी हातचा चुकतो, मग नवाचा ताळा घेऊन चूक पकडायची. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करत गेल्यास १ उरतो आणि मूळ संख्येच्या अंकांचीही तसेच केल्यास १ च उरतो. द्वितीय आर्यभटाच्या 'महासिद्धांता'त हा ताळा सांगितलेला आहे.

रविवारी काय केले?

सभेतला गुणाकार तासाभरात होतो. खरे काम ते अवयव शोधण्याचे, आणि त्याची रीत कोल यांनी सोसायटीच्या बुलेटिनमध्ये चार पानांत छापली. सभेत मौन असले तरी छापील निबंधात नाही. गोष्टीच्या नादात हा निबंध मागे पडतो, म्हणून त्यातला गाभा इथे थोडा सविस्तर देतो.

विषम संख्येचे दोन अवयव असतील, तर ती संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. अवयवांच्या बेरजेचे निम्मे अ आणि वजाबाकीचे निम्मे ब घ्या, म्हणजे स = अ² − ब². या वाटेने अवयव पाडण्याची रीत नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'त (इ. स. १३५६) आहे, आणि सतराव्या शतकात फर्मा यांनी तीच स्वतंत्रपणे वापरली. फर्मा यांचे उदाहरण २,०२,७६,५१,२८१ चे. वर्गमूळाच्या वरच्या ४५०३० पासून एक एक पुढे जात बाराव्या पायरीला ४५०४१ ला ते थांबले. ४५०४१² − १०२०² हीच ती संख्या, म्हणून अवयव ४४०२१ आणि ४६०६१. अवयव एकमेकांजवळ असले की ही रीत झटपट चालते. आपल्या संख्येचे अवयव एकमेकांपासून फार दूर आहेत. तिथे एक एक करत गेल्यास सुमारे ३६,८८७ कोटी पायऱ्या लागतात.

म्हणून अ वर अटी घालायच्या. दोन्ही अवयव १३४म + १ या रूपाचे आहेत. दोन तशा पदांचा गुणाकार सोडवून पाहिल्यास असे दिसते की त्यांची बेरीज आणि २^६७ यांना १३४² = १७,९५६ ने भागल्यास बाकी एकच येते. ती बाकी १०,३२०. म्हणून अ ला ८,९७८ ने भागल्यास ५,१६० उरलेच पाहिजेत. एका फटक्यात जवळजवळ नऊ हजारांतला एकच अ शिल्लक राहिला! पुढे, अ² − स हा पूर्ण वर्ग हवा. आपल्या स ला ८ ने भागल्यास ७ उरतात, त्यावरून अ ला ४ ने भाग जायलाच हवा. स ला ५ ने भागल्यास २ उरतात, त्यावरून अ ला ५ ने भागल्यास १ किंवा ४ उरायला हवेत. अ सम आहे, तेव्हा त्याचा शेवटचा अंक ६ किंवा ४. असेच ३ चे घात, ७ आणि १३ यांसाठी. '१ किंवा ४' अशा जोड्यांतले नेमके कोणते, हे ठरवायला कोल यांनी स च्या वर्गबाक्यांचा उपयोग केला. स ची जी वर्गबाकी असते ती तिच्या प्रत्येक मूळ अवयवाचीही वर्गबाकी असते, आणि अशी प्रत्येक लहान वर्गबाकी कळली की अवयवांच्या संभाव्य रूपांतली निम्मी बाद होतात. या वर्गबाक्या हाताने जमवणे हेच अत्यंत चिकट काम. रविवार बहुतेक तिथेच गेले असावेत.

शेवटी उरले ते असे:

अ = १,३२,३५,३६,७६० × न + १,१६,०९,३२,३८४

तो पहिला मोठा गुणक फोडून पाहा: ६७² × २³ × ३⁴ × ५ × ७ × १३. वरच्या सगळ्या अटी त्यात एकत्र बसलेल्या दिसतात. अ हा स च्या वर्गमूळापेक्षा मोठा हवा, म्हणून न ची पहिली शक्य किंमत ९ आहे. न = २८७ ला गाठ पडते. तेव्हा अ = ३,८१,०१,५९,८२,५०४ आणि ब = ३,८०,८२,२२,७४,७८३. यांची वजाबाकी १९,३७,०७,७२१, बेरीज ७,६१,८३,८२,५७,२८७. छत्तीस हजार कोटींहून अधिक पायऱ्यांच्या जागी ९ ते २८७ अशा २७९ उरल्या.

त्यानंतर

पॉवर्स यांनी १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ ही मर्सेन यांच्या यादीतून निसटलेली दोन नावे भरून काढली. १९४७ पर्यंत २५७ पर्यंतच्या सर्व घातांकांची तपासणी पुरी झाली, तीही संगणकाशिवाय. कोल यांनी हाताने केलेली चाळणी लेहमर यांनी १९२० च्या दशकात सायकलच्या साखळ्या वापरून यंत्राने करून दाखवली: प्रत्येक अटीला एक साखळी, आणि सगळ्या साखळ्यांच्या खुणा एका रेषेत आल्या की यंत्र थांबते. कोल निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ जमलेल्या निधीतून बीजगणित आणि संख्या सिद्धांतासाठी कोल पारितोषिक सुरू झाले.

सरावासाठी एक संख्या. २^५९ − १ ही संयुक्त आहे आणि तिचा लहान अवयव एकोणिसाव्या शतकात लांद्री यांनी शोधला होता. वरच्या रीतीने त्याचे रूप ११८म + १ असणार. ८ ची अट लावा, ३, ५ आणि ७ ने भाग जाणारे गाळा. साडेतीनशेच्या आसपास भागाकारांत, म = १५२५ ला तुम्हाला १,७९,९५१ मिळाले पाहिजे. दोघांनी वाटून घेतले तर काही रविवारांत होते.